पेलेनाइसेबाई आणि दहा पट्ट्या

पेलेनाइसेबाईंचा विषय निघाला की माझा आवाज चढतो, असं माझी बायको म्हणते. चढत असेल. चार वर्षं झाली. बाई इथेच आमच्या बेटावर, नेइआफू गावात राहतात, बाजारात भेटतात, माझ्या पोरांची चौकशी करतात. तरी मला अजून हे शांतपणे सांगता येत नाही. आणि ज्यांनी हे केलं ते रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर, आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे कमरेला नवीकोरी चटई गुंडाळून, टिपेच्या सुरात गातात.

मी लिसिआते. बंदराच्या वरच्या अंगाला आमच्या चर्चचं हायस्कूल आहे, तिथे मी सुतारकाम शिकवतो. बाई आल्या तेव्हा त्यांना माझ्या कार्यशाळेशेजारची खोली मिळाली. मध्ये फळ्यांची भिंत. त्यामुळे त्यांचा वर्ग मी बघितला कमी आणि ऐकला जास्त.

बाईंनी ऑकलंडला एकोणीस वर्षं काढली होती. लोखंडी सांगाडे बनवणाऱ्या एका कारखान्यात त्या ड्रॉइंग काढायच्या, आधी ड्रॉइंगबोर्डवर शाईने, मग संगणकावर. पदवी नव्हती. शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्याने हाताला धरून शिकवलं तेवढंच. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात जी चौकट असते, कुणी काढलं, कुणी तपासलं, तारीख काय, त्या चौकटीत बाईंचं नाव कधी आलं नाही. तिथे कालचा आलेला साहेब आपली आद्याक्षरं टाकायचा. चूक निघाली की मात्र सगळ्या कारखान्याला कळायचं की हे पेलेने काढलंय. आईला पक्षाघात झाला म्हणून त्या परत आल्या. तीन वर्षांनी आई गेली. तरी बाई राहिल्या.

त्याच वर्षी ऑकलंडमधल्या आमच्याच लोकांनी वर्गणी काढून शाळेला आठ जुने संगणक पाठवले. आमचे मुख्याध्यापक सेकोना यांना संगणकांसोबतचा फोटो हवा होता, तो झाला. त्यानंतर त्या आठ डब्यांचं करायचं काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बाई स्वतः चालत शाळेत आल्या आणि म्हणाल्या, मी वरच्या दोन वर्गांना यावर ड्रॉइंग शिकवते. हातात धंदा येईल पोरांच्या. शिक्षिकेचं प्रमाणपत्र नाही म्हणून त्यांना एका वर्षाच्या कराराने घेतलं, आणि तो करार दर वर्षी नवा करायचा ठरला. ही दोरी मुद्दामच आखूड ठेवली होती, हे मला तेव्हा कळलं नाही.

पहिला महिना त्यांनी कुणाला संगणकाला हात लावू दिला नाही. भिंतीपलीकडून पोरं कुरकुरायची.

"बाई, मशीन कधी?"

"या टेबलाची उंची सांग, मग मशीन."

"असेल एवढी."

"एवढी म्हणजे? तुझ्या एवढीवर मी दार बसवू? मग त्या दारातून तू जा, तुझं डोकं बाहेर राहू दे."

सगळा वर्ग हसायचा. टेप हातात आला की दोघांनी मोजायचं, तिसऱ्याने लिहायचं, चौथ्याने लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवायचं. मग आकडा कागदावर, आणि कागदावरून संगणकात. पोरांनी चर्चच्या पायऱ्या काढल्या, बाजारातले ओटे काढले, धक्क्यावर उलटी घातलेली एक होडी काढली. वीज गेली की बाई म्हणायच्या, "तुमची पेन्सिल बंद पडली का? नाही ना? मग?" माझ्या वर्गातली चांगली चार पोरं पुढच्या वर्षी त्यांच्याकडे पळाली. मला राग यायला हवा होता, पण ती पोरं माझ्याकडे लाकूड मागायला यायची तेव्हा माप मिलिमीटरमध्ये सांगायची. राग कुठून येणार?

त्यांतली सगळ्यात पक्की होती ओफेइना. सोळा वर्षांची, बोलायला कमी, पण एकदा बोलली की मागे न हटणारी. तिचा बाप सोआने बांधकामावर मुकादम होता, ठेकेदार हाविलीकडे. एकदा तिने संगणकावर एक बिजागरी काढली. तिच्यातल्या स्क्रूचं डोकं, त्यावरची खाच, सगळं. बाई म्हणाल्या, "अगं, नुसता गोल काढला असता तरी चाललं असतं." ओफेइना म्हणाली, "पण तो नुसता गोल नाहीये." बाईंनी ते मला मधल्या सुट्टीत येऊन सांगितलं. असा आनंद झाला होता त्यांना!

आता हॉलकडे येतो.

बाईंच्या दुसऱ्या वर्षी, जून महिन्यात शाळेचा नवा हॉल बांधून झाला. काम हाविलीचं. हाविली म्हणजे शाळेच्या समितीतल्या निम्म्या लोकांचा आप्त आणि उरलेल्या निम्म्यांचा कावा, म्हणजे आमचं मुळ्यांचं पेय, पिण्याचा सोबती. हॉल दिसायला झकास. छताला अकरा लाकडी कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे तिकोनी सांगाडे, खालून उघडे दिसणारे. आमच्याकडे वादळ येतं तेव्हा आधी छत धरतं, खालून हवा शिरून पत्रा, वासे, सगळं उचलायला बघतं. म्हणून प्रत्येक कैचीचं प्रत्येक टोक लोखंडी पट्टीने खालच्या काँक्रीटच्या तुळईला जखडायचं असतं. मंजूर नकाशात तसंच होतं. अकरा कैच्या, बावीस टोकं, बावीस पट्ट्या, प्रत्येक पट्टीला सोळा मिलिमीटरचे दोन बोल्ट. आणि वादळ आलं की गावातली दीड-दोनशे माणसं ह्याच हॉलमध्ये निवाऱ्याला येणार, हेही ठरलेलं.

ऑगस्टमध्ये बाईंनी वरच्या वर्गाला शेवटचं मोठं काम दिलं. बांधून झालेली एक इमारत पूर्ण मोजायची आणि आहे तशी काढायची. प्रमाणपत्रासाठी हे काम लागतंच. छपराचा भाग ओफेइनाकडे आला. माझ्याकडून शिडी नेली. मी शिडी धरायला गेलो, आणि पोरगी चढण्याआधी आधार नीट आहे ना बघायला आधी स्वतः वर चढलो.

वरून मला जे दिसलं ते खालून ओफेइनालाही दिसलं. पट्ट्या एकाआड एक कैचीलाच होत्या. पहिलीला, तिसरीला, पाचवीला, अशा अकरावीपर्यंत. मधल्या पाच कैच्या तुळईवर नुसत्या टेकलेल्या, दोन-दोन खिळ्यांवर.

"सर, तुम्ही मोजा," ओफेइना खालून म्हणाली. "दोघांनी मोजायचं असतं."

मी मोजल्या. बारा. तिने चढून मोजल्या. बारा. दहा कमी. हे मी ठळक सांगतो, कारण पुढे माझं जे झालं त्यात हे फार महत्त्वाचं आहे.

बाईंना वाटलं, शाळा खूश होईल. खरंच वाटलं! एकोणीस वर्षं कारखान्यात काढलेल्या बाईला अजून असं वाटू शकतं, याचंच मला नवल. ड्रॉइंग छापून, कोपऱ्यात ओफेइनाचं नाव आणि तारीख घालून, त्या सेकोना सरांच्या खोलीत गेल्या. मला सोबत नेलं.

"सर, वादळाच्या महिन्यांआधी सापडलं हे बरं झालं. दहा पट्ट्या बसवायच्या राहिल्यात."

सरांनी कागद उलटा धरला, मग सुलटा केला. "पोरांनी मोजताना चूक केली असेल."

"दोनदा मोजलंय."

"बाई, पुढच्या आठवड्यात उद्घाटन आहे. राजधानीहून पाहुणे येतायत. तुम्ही असं करा, हे ड्रॉइंग दुरुस्त करा. मंजूर नकाशा आहेच ना कपाटात? त्यावरून बावीस दाखवा."

"ड्रॉइंग बरोबर आहे, सर. दुरुस्त हॉल करा."

सरांनी चष्मा काढून पुसला. "मुलींना शिडीवर चढवता तुम्ही? आई-बापांना कळलं तर?"

बघा कसं असतं ते! छप्पर उडून दोनशे माणसांच्या डोक्यावर पडलं तर चालेल, पण मुलगी शिडीवर चढली हा गुन्हा. बाईंनी कागद टेबलावर ठेवला आणि त्या बाहेर आल्या. मी त्यांच्या मागून बाहेर आलो. खोलीत मी एक शब्द बोललो नव्हतो.

उद्घाटन थाटात झालं. डुकरं भाजली, भाषणं झाली, हाविलीच्या गळ्यात हार पडला.

सप्टेंबरच्या सुट्टीत शाळा बंद होती. सुट्टी संपून आम्ही परत आलो, तर हॉलमध्ये ताज्या रंगाचा वास. वर बघितलं, तर बावीस पट्ट्या. भिंतीला, तुळईला, पट्ट्यांना, सगळ्याला एकसारखा पांढरा रंग मारलेला. मी मनात म्हटलं, चला, सुटलो. बाईंनी सांगितलं, यांनी ऐकलं, निमूटपणे का होईना केलं. प्रकरण मिटलं.

मिटतंय कसलं! ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात समितीची सभा बोलावली आणि विषय काय, तर "संगणक वर्गातील निष्काळजीपणा". समितीचे सहा लोक हॉलमध्ये उभे राहिले, मान वर करून पट्ट्या मोजल्या, बावीस भरल्या. मग सेकोना सरांनी ओफेइनालाही बोलावून तिचं ड्रॉइंग सगळ्यांना दाखवलं. बारा! एका चांगल्या ठेकेदाराची बदनामी! हाविली तिथेच होता. तो अगदी मोठ्या मनाने म्हणाला, "जाऊ द्या हो, लेकरू आहे. शिकवणाऱ्यानेच नीट शिकवलं नाही तर लेकराचा काय दोष?"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

बाई उभ्या राहिल्या. "ड्रॉइंगवर ऑगस्टची तारीख आहे. संगणकातही आहे. पट्ट्या सुट्टीत बसल्या."

"संगणकाची तारीख कुणीही बदलतं," सर म्हणाले.

"लिसिआते सर वर चढले होते. त्यांनी मोजल्यात."

सगळे माझ्याकडे वळले. समितीचे अध्यक्ष माझ्या मामांच्या घरातले. हाविलीने माझ्याकडे बघून मान हलवली, अगदी प्रेमाने. माझ्या धाकट्या भावाला त्याच्याकडे नुकतंच काम लागलं होतं.

मी म्हणालो, "मी शिडी धरली होती. वरचं मी नीट बघितलं नाही."

हे मी बोललो. शुद्धीवर, दिवसाढवळ्या, देवाचं नाव घेऊन सुरू झालेल्या सभेत. बाईंनी माझ्याकडे फक्त एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली. ओफेइना मात्र बघतच राहिली. दोघांनी मोजायचं असतं, हे मला तिनेच सांगितलं होतं ना!

सभेने ठरवलं की ड्रॉइंग वस्तुस्थितीशी जुळत नाही, सबब विद्यार्थिनी त्या विषयात नापास. प्रमाणपत्र नाही. सोळा वर्षांच्या मुलीने जे होतं तेच काढलं म्हणून इमारत बदलली आणि मुलीला खोटं ठरवलं. सांगा, याला काय म्हणायचं?

एवढ्यावर त्यांचं भागलं नाही. हाविलीने सोआनेला, ओफेइनाच्या बापाला, बोलावून सांगितलं की मुलीकडून एक चिठ्ठी लिहून आण. "माझी मोजताना चूक झाली" एवढंच. चिठ्ठी दिली तर तिला पुढच्या वर्षी पुन्हा बसता येईल, आणि तुझंही काम राहील. सोआने वाईट माणूस नाही. घरी पाच पोरं आहेत. तो रोज संध्याकाळी मुलीच्या मागे लागला. आधी समजावून, मग हात जोडून, मग आरडाओरडा करून. ओफेइना खाली बघत बसायची आणि म्हणायची, "बारा होत्या, बाबा. तुम्हालाही माहीत आहे." आणि त्याला माहीत होतं. मुकादम तो होता. पट्ट्या निम्म्याच का आल्या, हे त्याने बांधतानाच हाविलीला विचारलं होतं आणि वर शिव्या खाल्ल्या होत्या.

शेवटी ओफेइनाची आई निघाली आणि सोआनेच्या थोरल्या बहिणीला घेऊन आली. कालोलाइने तिचं नाव. चटया विणते, धिप्पाड बाई, गुडघे दुखतात म्हणून काठी घेऊन चालते. आमच्याकडे बापापेक्षा आत्याचा मान मोठा. बहीण बोलली की भावाने मान खाली घालायची, मग तो घरचा कर्ता का असेना. कालोलाइने आली, बसली, ओफेइनाला जवळ घेतलं.

"किती होत्या गं?"

"बारा, आत्या."

"मोजल्यास?"

"दोनदा."

आत्या भावाकडे वळली. "सोआने, चिठ्ठीचं नाव पुन्हा या घरात काढायचं नाही. माझ्या भाचीला खोटं बोलायला लावतोस? आपल्या बापाने लावलं होतं का तुला कधी?"

"ताई, काम जाईल."

"जाऊ दे. माती आहे अजून. रताळी लाव."

काम गेलं. तिसऱ्या दिवशी गेलं. सोआने पुढे सहा महिने मुलीशी धड बोलला नाही, हेही खरं आहे. खरेपणा करणाऱ्याच्या घरी आनंदीआनंद होतो असं कुणी समजू नये.

चिठ्ठीचं बोलणं झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी कालोलाइने माझ्या कार्यशाळेत आली. काठी दारात आपटली. "तूच का तो शिडी धरणारा?"

मी उठून उभा राहिलो.

"वर नीट बघितलं नाहीस म्हणे. डोळे तपासून घे. तरुण माणूस आहेस." आणि गेली. शिवी दिली असती तर परवडलं असतं.

त्या दुपारी मी फळ्यांच्या भिंतीपलीकडे गेलो. बाई एकट्याच बसल्या होत्या, संगणकाच्या मागचा गंज खरवडत. मी म्हटलं, "बाई, माझं चुकलं."

"हो," त्या म्हणाल्या. त्यांनी "असू दे" म्हटलं नाही, मान हलवली नाही. खरवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमच्याकडे चोवीसचा पाना आहे?"

"आहे."

"आणि सतराचा?"

मला काही कळेना. बाईंनी सांगितलं. ओफेइनाच्या लक्षात आलं होतं. रोज सकाळी प्रार्थनेला हॉलमध्ये बसली की ती वर बघायची, आणि तिला नव्या पट्ट्यांवरच्या बोल्टची डोकी लहान दिसायची. खालून, चार मीटरवरून, पांढऱ्या रंगातून! सोळाच्या बोल्टचं डोकं चोवीसच्या पान्यात बसतं. दहाच्या बोल्टचं सतराच्या. घाईघाईत हाविलीने दुकानात होते ते बोल्ट ठोकले होते.

शनिवारी सकाळी आम्ही गेलो. बाई, ओफेइना, वर्गातली आणखी दोघं, आणि मी. हॉल चर्चच्या गायनाच्या तालमीसाठी उघडाच होता. एका टोकाला वीस बायका गात होत्या आणि दुसऱ्या टोकाला आम्ही शिडी लावत होतो. यावेळी मी चढलो, प्रत्येक बोल्टला पाना लावला आणि मोठ्याने ओरडून सांगितलं. "पहिली कैची, समुद्राकडचं टोक, चोवीस! दुसरी कैची, सतरा!" ओफेइनाने लिहिलं, दुसऱ्याने वाचून दाखवलं. मग ती वर चढली आणि सगळं पुन्हा मोजलं. गाणाऱ्या बायका थांबल्या. त्यांतली एक म्हणाली, "हे काय चाललंय?" ओफेइना वरूनच म्हणाली, "वादळात तुम्ही कुठे बसायचं ते बघतेय, मावशी." बायका हसल्या. मग त्यांतल्या दोघी-तिघी हसायच्या थांबल्या आणि वर बघायला लागल्या.

ओफेइनाने नवीन ड्रॉइंग काढलं. बावीस पट्ट्या. बारांवर मोठे बोल्ट, दहांवर लहान. प्रत्येक बोल्ट सहा कडांचा, मापाबरहुकूम. तारीख ऑक्टोबरची. सोबत ऑगस्टचं जुनं ड्रॉइंग. सोबत माझं पत्र, की मी ऑगस्टमध्ये वर चढलो होतो, बारा मोजल्या होत्या, आणि सभेत मी खोटं बोललो. पत्र लिहायला मला दोन दिवस लागले. ते तीन कागद बाईंनी सेकोना सरांना दिले आणि त्यांची एक प्रत प्रमाणपत्र देणाऱ्या कार्यालयाला राजधानीत पाठवली.

नोव्हेंबरमध्ये परीक्षक आले. बोटीतून उतरलेले, अंग मोडलेले, पन्नाशीचे गृहस्थ. स्वतः आधी सर्वेअर होते म्हणे. सेकोना सरांनी त्यांना आधी जेवायला नेलं. तास-दीड तास. मला वाटलं, संपलं. पण ते आले, ओफेइनाला समोर बसवलं आणि दोन्ही ड्रॉइंग शेजारी ठेवली.

"यातलं बरोबर कुठलं?"

"दोन्ही."

"दोन्ही कशी?"

"तारखा बघा, सर."

त्यांनी बघितल्या. मग हॉलमध्ये गेले, माझ्याकडून पाना मागून घेतला आणि स्वतः शिडी चढले. त्यांनी तीन बोल्ट तपासले. खाली उतरून हात झटकले आणि ओफेइनाला पास केलं. पहिल्या श्रेणीत. शिवाय सार्वजनिक बांधकामाच्या इंजिनियरला एक ओळ लिहिली.

इथे गोष्ट संपली असती तर मी आवाज न चढवता सांगितली असती.

इंजिनियरचं पत्र आलं. हॉल "रंगकामासाठी" दोन आठवडे बंद झाला. रंगकामासाठी! आतून पाना फिरल्याचे आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकले. लहान बोल्ट निघाले, मोठे बसले. कुणी कबूल केलं नाही, कुणी माफी मागितली नाही, सभेच्या वहीत "निष्काळजीपणा" हा शब्द आजही तसाच आहे. मी तो काढायला दोनदा अर्ज दिला. दोन्ही अर्ज "पुढील सभेत" गेले आणि तिथेच राहिले. वसतिगृहाचं नवीन काम निघालं, ते हाविलीला मिळालं.

आणि डिसेंबरात बाईंचा करार संपला. नवा केला नाही. कारण दिलं की प्रशिक्षित शिक्षिका हवी. चार वर्षं झाली, प्रशिक्षित शिक्षिका आलेली नाही. आठांपैकी दोन संगणक कार्यालयात आहेत, त्यांवर रविवारच्या भजनांची पत्रकं निघतात. बाकीच्या सहांना खारी हवा खाते आहे. त्या खोलीत आता खुर्च्या रचून ठेवल्यात. बाजारातले ओटे, होडी, चर्चच्या पायऱ्या, पोरांनी काढलेलं सगळं त्या डब्यांत अडकून पडलंय. दर वर्षी तीस-चाळीस पोरं शाळेतून बाहेर पडतात आणि विमानात बसून ऑकलंडकडे फळं तोडायला जातात. त्यांतल्या दहांच्या तरी हातात हा धंदा असता. हा हिशोब कुणी विचारत नाही.

माझ्या भावाचंही हाविलीकडचं काम गेलं. तो मला काही बोलला नाही. कार्यशाळेत येतो, माझ्यासोबत खुर्च्या दुरुस्त करतो.

ओफेइना राजधानीत तंत्रशाळेत गेली. कालोलाइनेने आपल्या सगळ्यात मोठ्या दोन चटया विकल्या त्यासाठी. सोआने आता बोलतो मुलीशी. फोनवर तिला रताळ्यांबद्दल सांगतो.

बाई बंदराखालच्या गोदीत बसतात. तिथे परदेशी शिडाच्या होड्या दुरुस्तीला येतात. बाई त्यांचे मोडलेले भाग मोजून त्यांची ड्रॉइंग काढून देतात. स्वतःचा एक जुना संगणक आहे त्यांचा. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात आता त्यांचंच नाव असतं, पूर्ण, आडनावासकट.

गेल्या महिन्यात शाळेचा वाढदिवस होता. हॉलमध्ये जेवण. गावातल्या सगळ्यांना आमंत्रण, बाईंनाही. बाई आल्या, पण दाराबाहेरच्या झाडाखाली बाकावर बसल्या. आत येईनात. सेकोना सर लोकांसमोर फार गोड असतात. ते स्वतः बाहेर गेले. मी खिडकीशी होतो, मला सगळं ऐकू येत होतं.

"बाई, या ना आत. जुनं किती दिवस धरून ठेवायचं? देव क्षमा करायला सांगतो."

"क्षमा मागणाऱ्याला करायची असते, सर. मागितलीत?"

"तुमची? बरं, मागतो, बाई."

"माझी नाही. ओफेइनाची. ती इथे नाहीये. पत्र लिहा, मी पत्ता देते."

सर हसले. जोराने, आजूबाजूला ऐकू जाईल असं. "बाईंचा स्वभाव विनोदी आहे," असं म्हणत आत आले.

मी बाहेर गेलो. बाईंच्या शेजारी बसलो. विचारलं, "बाई, राग अजून येतो?"

"रोज येतो," बाई म्हणाल्या. "का येऊ नये? माझा काय, मी म्हातारी होत चालले. पण त्या मुलीला त्यांनी सहा माणसांसमोर खोटारडी म्हटलं. तिच्या जागी तुमची पोर असती तर तुमचा राग गेला असता का चार वर्षांत?"

माझी पोर आता नववीत आहे. हॉलमधून भाजलेल्या डुकराचा वास येत होता, गाणी सुरू झाली होती. आत वाढणाऱ्या एकीने बाहेर येऊन आम्हाला दोन ताटं दिली, केळीच्या पानात गुंडाळलेला मासा आणि सुरण. बाईंनी ताट परत केलं. मला भूक लागली होती, पण मीही परत केलं. मग आम्ही उठलो आणि उतारावरून बंदराकडे चालू लागलो. बाईंना एका होडीच्या सुकाणूचं माप घ्यायचं राहिलं होतं, आणि टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी हवं होतं.